शंका-समाधान : मुंबई ते न्यूयॉर्क, सहा तास की सोळा?

प्रश्न : लेकीकडे जानेवारीत न्यूयॉर्कला जायचं आहे. मुंबईहून अंतर १२,५३० किलोमीटर दिसतं. ताशी ९०० चा वेग धरला तर १४ तास होतात. तिकिटावर मात्र रात्री १.३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ७.३० ला पोहोच आहे. खरं काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : खरे तास साडेसोळा. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, म्हणून ६ मध्ये १०.३० मिळवायचे. येताना तेवढेच वजा करा : तिथून सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला मुंबई, म्हणजे २५ वजा १०.३०, साडेचौदा तास. चूक होते ती उन्हाळ्यात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊच धरायचा.

आता १४ चे साडेसोळा का? १२,५३० हे पृथ्वीगोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. गोलावर दोरा ताणून बघा : तो पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याजवळून, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने, नॉर्वे आणि आइसलँडवरून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला घासत जातो. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सौदी आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. ती दिसते सरळ, पण भरते सुमारे १४,२०० किलोमीटर!

प्रत्यक्षात दोऱ्याची वाटही पूर्ण मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, की लगेच वळसा आला. समजा मार्ग १३,१०० किलोमीटरचा झाला. विमान उडतं त्या उंचीवर जेट वारे, म्हणजे वेगवान वाऱ्यांचे पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्तच जोरात. जाताना ते सरासरी ताशी ६० ने आडवे आले तर जमिनीवरचा वेग ८४० उरतो : १५ तास ३६ मिनिटं. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं यांची पाऊण तास भर घाला. परतीला तेच वारे पाठीशी, वेग ९६०, भर धरून साधारण १४ तास २४ मिनिटं. हे ६० आम्ही हिशेबापुरते धरले आहेत. वारा रोज बदलतो, म्हणून विमान अर्धा तास लवकर टेकलं तरी नवल मानू नये. लेकीला विमानतळावर बोलावताना तिकिटावरची वेळच सांगा. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि बॅगा वेगळ्याच.

प्रश्न : दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला विमान उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून गेलं होतं म्हणे. लांब पडत नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पडतं, पण वेळ वाचतो. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हे केलं. अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर होते, पॅसिफिकवरून १५,३०० झाले. तरी वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत पोहोचलं.