पाठीवर सॅक, हातात तिकीट

प्रश्न: मी आणि मैत्रीण प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट ट्रेननं करणार आहोत, सामान फक्त सॅक. युरेल पास (युरोपातल्या बऱ्याच देशांतल्या ट्रेनना चालणारा एकच पास) घ्यावा का?

उत्तर: तीनच शहरं असतील तर पास कशाला, सुटी तिकिटं लवकर काढली की स्वस्त पडतात, प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास आणि तिथून बुडापेस्ट पावणेतीन, एवढंच तर आहे. पुढे इटली-फ्रान्स जोडलंत तर बघा, पण तिकडच्या फास्ट ट्रेनना पास असला तरी सीट रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे, हे बऱ्याच जणांना स्टेशनवर गेल्यावर कळतं. आणि सॅक नेताय ते बेस्ट, प्रागच्या दगडी गल्ल्यांत माझ्या ट्रॉलीबॅगचं चाक निखळलं, आणि मैत्रीण मदत करायची सोडून हसत बसली होती!