कणकेला हात न लावणारं मूल: आम्ही केलेली चूक तुम्ही करू नका

तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीचं आमचं घरच आठवलं. तुमची अडीच वर्षांची लेक कणकेचा गोळा दिसला की पळते, वाळूत पाय टेकवला की रडते आणि नर्सरीच्या टीचर म्हणतात रोज दहा मिनिटं हात धरून मातीत घाला, होईल सवय. हे शेवटचं तेवढं प्लीज करू नका. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल.

आमच्या लेकाचं डिट्टो असंच होतं. बोटाला दही लागलं की हात लांब धरून "पुस, पुस". एका थेरपी सेंटरमध्ये घातलं त्याला (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको), बारा सेशनचं पॅकेज, पैसे आधी. तिथल्या मॅडमनी त्याला मांडीत घट्ट धरून दोन्ही मनगटं शेव्हिंग फोमच्या ट्रेमध्ये दाबली. तो किंचाळतोय आणि मी काचेबाहेर उभी. वर मलाच ऐकवलं, घरीही हेच करा, आई हळवी झाली की मुलं फायदा घेतात. आणि मी केलं हो! आठवडाभर, रोज संध्याकाळी, परातीत सैलसर कणीक घेऊन. शेवटी नुसता परात काढल्याचा आवाज आला तरी तो सोफ्यामागे. मग वरणभात हाताने खायचा तोही बंद, क्रीम लावू देईना, रस्त्यात माझा हात धरेना. उरलेल्या सेशनचे पैसे मागितले तर म्हणे पॉलिसीत बसत नाही. तीन फोन, दोन मेल, मग सोडून दिलं. पैशांचं जाऊ दे, पण मी काच ढकलून आत का नाही गेले हे अजून डोक्यातून जात नाही.

नंतर एक चांगल्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) भेटल्या. त्यांनी पहिले तीन आठवडे चिकट काही समोर आणलंच नाही. ढकलायची, ओढायची, उचलायची कामं दिली: पाण्याची अर्धी बादली, दळणाचा डबा, उशांचा ढीग. हलक्या स्पर्शाने अशी मुलं बिथरतात, घट्ट दाबाने शांत होतात असं त्या म्हणायच्या, आमच्या बाबतीत तरी खरं ठरलं. मग कोरडं, रवा आणि चमचा. मग झिपवाल्या पिशवीत रंग भरून, पिशवीच्या तोंडाला टेप लावून, वरून बोट फिरवणं. ओलं सगळ्यात शेवटी, आणि शेजारी ओला नॅपकिन कायम. पुसता येतं हे कळलं की निम्मी भीती जाते.

खरं वळण मात्र कुठल्याच ॲक्टिव्हिटीत नाही आलं. जानेवारीत सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या, हा लांबून बघत होता. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त एक शेंग अर्धी उघडून त्याच्या बाजूला ठेवली. बऱ्याच वेळाने त्याने एका बोटाने एक दाणा ढकलला, टपकन पातेल्यात पडला. मग दुसरा. मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून! कणकेपर्यंत यायला त्यानंतरही पाच-सहा महिने लागले.

मटार, हरभरे, शेंगदाणे काहीही असो, समोर बसूनच द्या. कोरडं कडधान्य नाकात गेलं की ओलाव्याने फुगतं, घरी पिन-चिमट्याने काढत बसू नका, सरळ ईएनटी. आणि ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी घरात आणूच नका, पोटात गेले तर आतड्यात अडकू शकतात आणि साध्या एक्स-रेत सहसा दिसतही नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये मोठ्या दुकानांनी मुलांसाठी म्हणून ते विकणं बंद केलं, आपल्याकडे बिनधास्त मिळतात.

महागडी सेन्सरी किट्स (स्पर्शाच्या खेळांचे तयार संच) हे माझ्या मते पैसे उकळणं आहे. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला पानं, बिया, शिंपले, माती यांवर बालवाड्या चालवल्या. रंगवलेल्या तांदळाचे रील बघून मी पण दोन किलो तांदूळ रंगवले होते, पुढे महिनाभर सोफ्याखालून निघत होते.

अर्थात मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येक मूल वेगळं. बोलणं उशिरा असेल, हाकेला बघत नसेल, खाण्याचे दोन-तीनच पदार्थ उरले असतील तर घरगुती प्रयोगात वेळ घालवू नका, डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनला (मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टरांना) दाखवा. प्रायव्हेट परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) आहे का विचारा, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि थेरपी सरकारी योजनेतून होते.

टीचरना तोंडी सांगून विसरतात, डायरीत लिहून द्या की हात धरायचा नाही. आणि सेशनला तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं तर का ते आधी विचारा.