हळू चालवूनही टाकी रिकामी? आधी बोटीचा पंखा बघा

दादा, बोट हळू चालवूनही पेट्रोल पुरत नाही हे तुमचं वाचलं आणि माझी तीन वर्षांपूर्वीची गत आठवली. १६ फुटी फायबर, ४० एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन, चार माणसं, पेट्रोल वाचावं म्हणून नाथसागरात (जायकवाडी धरणाच्या पाण्यात) ताशी १६-१७ किलोमीटरच्या पुढं न्यायचीच नाही, आणि तरी पैठणच्या काठाला लागेपर्यंत टाकीत खडखडाट. अगदी हेच.

ऑइलचं प्रमाण, प्लग, बुडाचं शेवाळ हे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडतो.

गोची त्या १६-१७ मध्येच आहे. मोटारसायकलचा हिशेब आपण बोटीला लावतो. १६ फुटी बोट पाणी कापत सुखानं चालते ती ताशी १० किलोमीटरच्या आसपासपर्यंत. त्यापुढं रेटली की बूड खाली बसतं, नाक आभाळाकडं जातं आणि बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते. तो चढ ओलांडून ती पाण्यावर घसरायला लागली की सुटली. मी दोन हंगाम त्या चढावरच काढले. मागं नांगराच्या तासासारखा खोल चर पडायचा. बायको म्हणायची, "पुढचं पाणी दिसंना, नुसतं बोटीचं नाकच दिसतंय." मी म्हणायचो, गप बस, पेट्रोल वाचतंय.

आता माझी खरी चूक सांगतो. पुढं रेटून बघितली तरी बोट चढ ओलांडत नाही म्हणून एका दुकानात गेलो (नाव घेत नाही). त्यानं कार्बोरेटर खोलला, बिल लावलं, आणि वर १४ इंच पिचचा पंखा (इंजिनाखाली पाण्यात फिरतो तो; पिच म्हणजे एका फेऱ्यात तो हिशेबानं जितका पुढं सरकतो ते अंतर) गळ्यात मारला. "पिच जास्त म्हणजे पळंल जास्त." राव, उंच गिअरमध्ये बैलगाडी ओढायला लावल्यासारखं झालं! इंजिनाच्या पुस्तकात फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण रेस दिल्यावर, ४५०० ते ५५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलंय, माझं मशीन ४४०० ला गुदमरायचं. परत गेलो तर म्हणे, "पाणी जड आहे तुमच्याकडं." शेवटी ११ इंच पिचचा बसवला. पिच कमी केला की इंचामागं दोनेकशे आरपीएम वाढतात, ५००० गाठले, आणि चौघांना घेऊन बोट दहा सेकंदांत चढ ओलांडून पाण्यावर घसरायला लागली.

मग वारा नसलेल्या सकाळी पाच लिटरचा कॅन जोडून, मोबाइलच्या जीपीएसवर जाऊन-येऊन मोजलं. ताशी ९ ला लिटरमागं साडेतीन किलोमीटर. १६ ला पावणेदोन. ३० ला पावणेतीन. फुल सोडली तर सव्वादोन. म्हणजे निवांत फिरायचं तर ९, कुठं पोचायचं तर ३०, मधल्या वेगात रेंगाळायचंच नाही. आकडे माझ्या बोटीचे आहेत, तुमचे वेगळे येतील. मी मेकॅनिक नाही, बी-बियाणांचं दुकान चालवतो.

कुणी ६० एचपीचं इंजिन घ्या म्हणेल, घेऊ नका. आधी वजन हलवा. बर्फाचा डबा आणि जादा कॅन मागं असतील तर पुढं सरकवा, इंजिनाचा कल ठरवणारी पिन एक भोक आत, बोटीच्या बाजूला, घालून बघा. जुन्या बोटीत फळीखालचा फोम पाणी पितो, तेही तपासा, माझ्या मित्राची बोट त्यानंच बेजार झाली होती.

पेट्रोलचं तर विचारूच नका. पंपावर कॅन नेला की आपण जणू दंगल करायला निघालोय असं बघतात! आणि इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं, उन्हाळ्यात धरण आटून बोट काठावर पडली की टाकी रिकामी करूनच ठेवा. आटलेल्या पाण्यात बुंधे वर येतात, पंख्याचं एक पातं जरा दुमडलं तरी मायलेज बसतं. हिवाळ्यात पक्ष्यांच्या उथळ बाजूला बोट नेऊच नका, अभयारण्य आहे ते.

पिचचा आकडा बहुतेक पंख्याच्या मधल्या भागावर कोरलेला असतो, दोन आकड्यांतला दुसरा. तो आणि चौघं बसल्यावरचा फुल थ्रॉटलचा आरपीएम बघून इथं टाका.