थायलंडचा विवाह दाखला बँकेत चालेल का? चोपड्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही आणि तुमची जोडीदार, दोघी जळगावात भाड्याने राहता, दोघींचे पगार एकाच घरात जातात, बँकेने जॉइंट खात्याचा अर्ज "नवरा-बायको किंवा रक्ताचं नातं असेल तरच" म्हणून परत केला आणि आता बँकॉकला जाऊन लग्न नोंदवायचं, तो दाखला बँकेपुढे ठेवायचा असं तुमच्या मनात आहे. असलं काउंटर माझ्या आणि माझ्या जोडीदाराच्याही वाट्याला आलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही. सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवाच. आधार, पॅन, केवायसी वगैरेंबद्दल लिहीत बसत नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

थायलंडचा समलिंगी विवाहाचा कायदा 23 जानेवारी 2025 पासून लागू आहे आणि परदेशी जोडप्यांनाही तिथे लग्न नोंदवता येतं. त्यासाठी आपल्या दूतावासाचं अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र, त्याचं थाई भाषांतर आणि त्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो. पण तो दाखला जळगावच्या बँकेत, तहसीलमध्ये किंवा कोर्टात पत्नी म्हणून हक्क देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. युरोपातल्या निकालाची जी बातमी तुम्ही जोडली आहे, ती खरी आहे. जर्मनीत झालेलं दोन पुरुषांचं लग्न पोलंडने मान्य करायला हवं, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने 25 नोव्हेंबर 2025 ला सांगितलं. पण तो निकाल संघाच्या आपसातल्या करारावर उभा आहे. आपला थायलंडशी किंवा नेपाळशी असा कोणताही करार नाही. दोघींपैकी एकीला पुढे अमेरिकेला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने वैध आहे का, एवढंच पाहतात. मनाच्या समाधानासाठी जायचं असेल तर आनंदाने जा. बँकेसाठी म्हणून तिकिटं काढू नका.

बँकेसाठी लागणारा कागद इथेच आहे, आणि फुकट आहे. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने 28 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केलं की समलिंगी व इतर एलजीबीटीक्यू व्यक्तींनी जॉइंट खातं उघडण्यावर आणि जोडीदाराला नॉमिनी करण्यावर कसलंही बंधन नाही. त्याच्या आठवडाभर आधी, 21 ऑगस्टला, रिझर्व्ह बँकेनेही सर्व अनुसूचित व्यापारी बँकांना तेच कळवलं होतं. दोन्हींची प्रिंट काढा, अर्जाला जोडा, आणि आवक शिक्का मारून पोचपावती घ्या. तोंडी नकार घेऊन परत यायचं नाही. "सिस्टीम घेत नाही" म्हणाले तर तेवढंच लिहून मागा. बहुतेक वेळा लिहून द्यायची वेळ आली की सिस्टीम घेते. नात्याच्या रकान्यात "इतर" निवडता येतं. तिथे "बहीण" लिहू नका, खोटं नातं पुढे कोर्टात तुमच्याच विरोधात उभं राहतं. लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. त्याला फी नाही, वकील लागत नाही, चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे.

हे पतसंस्थांना लागू नाही, हे ध्यानात ठेवा. ते पत्र व्यापारी बँकांना होतं, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षणही नसतं. खान्देशात पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचं दुखणं कोणाला नव्याने सांगायला नको. ओळखीचा चेअरमन आहे म्हणून तिकडे वळू नका.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. खातं मिळालं की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि अर्जातला एक चौकोन बघायचा राहतो. व्यवहार कसा चालेल, हा तो चौकोन. "आयदर ऑर सर्व्हायवर" म्हणजे दोघींपैकी कोणीही व्यवहार करेल आणि एक गेली तर उरलेली पैसे काढेल. नुसतं "जॉइंटली" म्हणजे प्रत्येक वेळी दोघींच्या सह्या, आणि एक गेली की खातं अडकलं. मग बँक वारसांची संमती मागते, आणि वारस म्हणजे तुम्ही नव्हे. मृत्युपत्र नसेल तर अविवाहित, अपत्य नसलेल्या हिंदू स्त्रीचे वारस साधारणपणे तिचे आई-वडील. म्हणजे ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही, त्यांच्या दारात सहीसाठी जायचं. एका शाखेत, नाव घेत नाही, आमच्या अर्जावर कर्मचाऱ्याने न विचारता "जॉइंटली"वर खूण केली होती, "तुमचं काही नातं नाही ना, मग हेच सुरक्षित" म्हणून. कोणासाठी सुरक्षित? त्या एका खुणेइतकं महाग आम्हाला दुसरं काही पडलं नाही. आणि असे लोक कुठल्या नियमावर बोट ठेवून बोलत नाहीत, त्यांना फक्त वाटत असतं. त्यांच्या वाटण्याची किंमत मागे राहिलेल्या माणसाने मोजायची, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून खातं उघडल्यावर पासबुकाचं पहिलं पान तिथेच काउंटरवर उघडून वाचा. "ई ऑर एस", म्हणजे आयदर ऑर सर्व्हायवर, छापलेलं हवं आणि नामनिर्देशन नोंदल्याची ओळ हवी. नसेल तर त्याच दिवशी बदलाचा अर्ज द्या. तुम्ही सही करणार असाल तर नॉमिनीच्या फॉर्मला साक्षीदार लागत नाहीत, ते फक्त अंगठ्याच्या ठशाला लागतात. शाखेत दोन साक्षीदार आणा म्हणाले तर हे सांगा. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, तेव्हा एकमेकींची नावं वेगवेगळ्या पगाराच्या खात्यांनाही लावा. एफडी असेल तर आणखी एक बारकावा आहे. एक गेल्यावर दुसरीला मुदतीआधी एफडी मोडता यावी, अशी दोघींच्या सहीची वेगळी सूचना आधीच देऊन ठेवावी लागते. नाहीतर ई ऑर एस असूनही मुदत संपेपर्यंत थांबा म्हणतात.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही तितकंच पक्कं धरा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या प्रकरणात हेच सांगितलं, की नामनिर्देशन वारसाहक्काला बाजूला सारत नाही. पैसे नॉमिनीच्या हातात येतात आणि वारस दावा करू शकतात. विम्यात तर आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं यांना जे खास संरक्षण आहे, ते तुमच्या जोडीदाराला नाही. त्यामुळे दोघींची दोन स्वतंत्र मृत्युपत्रं करा. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहायला हवं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायला हवी. ज्याला मिळायचंय त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि उद्या जळगावच्या कोर्टात यायला तयार असलेले बघा. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, भावकी "सही खोटी" म्हणते तेव्हा फरक पडतो. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर मात्र थांबा. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने देणं कूळकायद्यात अडकतं. 2020 मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला आहे, आणि आपल्या कायद्यातही कलम 63 आहेच. याचा सल्ला जमिनीचं काम करणाऱ्या वकिलाकडूनच घ्या.

कोर्टाच्या आवारात पाचशेच्या स्टॅम्पवर "मैत्री करार" नोटरी करून देणारे भेटतात. त्यावर पैसे घालू नका, त्याने वारसाहक्क मिळत नाही. मुखत्यारपत्रावरही भिस्त नको. लिहून देणारी गेली की ते संपतं, आणि तिची विचारशक्ती गेली तर तेव्हाही, म्हणजे आयसीयूच्या दारात नेमकं ते कामाला येत नाही. त्यापेक्षा रजिस्टर्ड भाडेकरार दोघींच्या नावे करा. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे, आणि एकाच पत्त्यावर राहत असल्याचा तोच खरा पुरावा.

आयकराचा मुद्दा कोणी सांगत नाही. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही नातेवाईक नाही, म्हणून एका आर्थिक वर्षात एकीने दुसरीला 50,000 रुपयांपेक्षा जास्त भेट दिली तर सगळी रक्कम घेणारीच्या उत्पन्नात धरली जाते. याला आव्हान देणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात आहे, 2025 मध्ये नोटीस निघाली. तोवर कोणाचे किती पैसे खात्यात आले याची वही ठेवा. मृत्युपत्राने मिळालेल्याला हा कर नाही.

रेशनकार्डाचं तुम्ही शेवटी विचारलंय. केंद्राच्या अन्न विभागाने 2024 मध्ये राज्यांना कळवलं आहे की असे जोडीदार एकाच कुटुंबाचे धरावेत. कागदावर मार्ग मोकळा आहे, पण माझं मत, घाई करू नका. नवीन कार्डासाठी आधी गावाकडच्या कार्डातून नाव कमी करावं लागतं, आणि तिथे कुटुंबप्रमुख म्हणून बहुधा आईच असते. पुरवठा शाखेतून ही बातमी तुमच्याआधी घरी पोचते. घरी अजून सांगितलं नसेल तर धान्यासाठी एवढी जोखीम घेऊ नका.

घरच्यांनी चोपड्याला मिसिंग दाखल केलं तर तिकडे एकटीने जाऊ नका. जिथे राहता तिथल्या पोलीस ठाण्यात वयाचा पुरावा घेऊन दोघींनी जबाब द्या, की सज्ञान आहोत आणि स्वेच्छेने राहतो. तसं हस्ताक्षरातलं पत्र आजच स्पीड पोस्टाने चोपडा ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना पाठवून पावती जपून ठेवा. कोणी जबरदस्तीने नेलं तर हेबिअस कॉर्पस, म्हणजे डांबून ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे आणण्याची याचिका, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाखल होते, जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही जिल्हे तिथेच येतात. 11 मार्च 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचना वकिलाच्या हातात द्या. त्यांत लिहिलंय की न्यायाधीशांनी त्या व्यक्तीशी घरच्यांपासून दूर, बंद खोलीत बोलावं आणि तिचा कल बदलण्यासाठी समुपदेशन करायला लावू नये. वकिलाच्या पैशांची काळजी करू नका. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा 15100 वर फोन करा.