कार्डाचं बिल थकलं असेल, तर कागद ओळखायला शीक

प्रिय मित्रा,

बिल थकलं आहे आणि फोनवर रोज अटकेची भाषा चालू आहे, असं तू लिहिलंस. आधी हे मनातून काढ. कार्डाचे पैसे फेडता न येणं हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा नाही, तो दिवाणी वाद आहे. पोलीस त्यासाठी दारात येत नाहीत. खोटी कागदपत्रं देऊन कार्ड घेतलं असेल, तर मात्र फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो.

दुसरी खरी जोखीम चेकची आहे. तडजोडीच्या नावाखाली बँकेचे वसुली एजंट पुढच्या तारखांचे चेक मागतात. खात्यात पैसे नसताना असा चेक परत गेला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे चेकबाबतच्या कायद्याचं, कलम १३८ लागतं. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली नाहीस, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप हप्ता कापायची संमती दिली असेल आणि तो परत गेला, तरी २००७ च्या देयक प्रणाली कायद्यातलं कलम २५ जवळपास तसंच लागू होतं. म्हणून जमणार नाही अशा तारखेचा चेक कुणालाही देऊ नकोस.

किमान रक्कम देय तारखेपासून ९० दिवस भरली गेली नाही की खातं अनुत्पादित (एनपीए), म्हणजे थकीत कर्जाचं, ठरतं. त्याच्या बऱ्याच आधी, देय तारखेनंतर तीन दिवस उलटले की थकबाकी क्रेडिट अहवालात, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदींत, जाऊ शकते. महिन्याला ३.५ टक्के व्याज असेल, तर वर्षाला ते ४२ टक्के होतं. पगार त्याच बँकेत जमा होत असेल तर आणखी एक अडचण आहे: बहुतेक करारांत बँकेला तुझ्या बचत खात्यातून रक्कम वळती करायची मुभा असते. घरखर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेव.

आता कागदांकडे वळू. वकिलाची नोटीस म्हणजे मागणीपत्र. तिला लेखी उत्तर दे, पण आकडा तपासल्याशिवाय मान्य करू नकोस. लोकन्यायालयाची नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं. तिथे सही केलीस तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. लवाद म्हणजे न्यायालयाबाहेर वादाचा निर्णय देणारा. त्याची नोटीस आली आणि तो बँकेने एकतर्फी नेमला असेल, तर लगेच लेखी हरकत घे. गप्प राहिलास तर निवाडा होतो आणि तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच, म्हणजे दाव्यातल्या निकालासारखाच, वसूल करता येतो.

सर्वांत जपायचं ते दिवाणी न्यायालयाचं समन्स. सर्वाधिक नुकसान इथेच होतं, कारण लोक घाबरून ते घेतच नाहीत. नाकारलेलं समन्सही बजावलं गेलं असं धरता येतं. दावा संक्षिप्त स्वरूपाचा, म्हणजे बचावासाठीही न्यायालयाची परवानगी लागणारा झटपट दावा, असेल तर बजावणीपासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते, आणि पुढचं समन्स आल्यावर पुन्हा १० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. साध्या दाव्यात कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. या तारखा चुकल्या की एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि मग फुगवलेल्या शुल्कावर हरकत घ्यायची संधी जवळपास संपते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ठरावीक उत्पन्नाच्या आत असलेल्यांना तिथे मोफत मदत मिळते, आणि महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी.

हुकूमनामा झाला की दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लागते, तीही १२ वर्षांपर्यंत. बँक खातं, गाडी, पगार यांवर जप्ती येऊ शकते. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे ४०,००० रुपये पगारावर जास्तीत जास्त १३,००० रुपये जप्त होतील, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती २४ महिन्यांपुढे चालत नाही. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. दिवाणी कैद कायद्यात आहे, पण ऐपत असून जाणूनबुजून न देणाऱ्यासाठीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे.

बँकेने दावा लावायची मुदत तीन वर्षांची आहे. ती उलटायची वाट पाहत बसण्याचा सल्ला मी देणार नाही. मुदतीच्या आत तू सहीनिशी कर्ज कबूल केलंस तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते, आणि क्रेडिट अहवालातली नोंद तरीही मागे राहते.

एजंटाने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो. नातेवाइकांत, ऑफिसात बदनामी करणं तर मुळीच चालत नाही. वेळ आणि नंबर लिहून ठेव, मेसेज जपून ठेव, बँकेकडे लेखी तक्रार कर. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथे शुल्क लागत नाही.

तडजोड करायचीच तर आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि ‘उर्वरित मागणी नाही’ हे वाक्य घे, मगच पैसे भर, तेही थेट कार्ड खात्यात. तडजोडीनंतर अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि पुढचं कर्ज घेताना ती आड येते. शक्य असेल तर पूर्ण थकबाकीचे हप्ते मागून खातं ‘क्लोज्ड’ करून घे. नो ड्यूज पत्र, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं पत्र, मिळाल्यावर दीड-दोन महिन्यांनी अहवाल काढून बघ. नोंद बदललेली नसेल तर दुरुस्तीचा अर्ज दे, ३० दिवसांत ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुला मागता येते.

तुझा हितचिंतक