बोरघाट चढण्याआधी

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत पहिल्यांदाच उतरतोयस, म्हणून आधी घाटाचंच सांगतो. खोपोलीपर्यंत रस्ता बराचसा सपाट आहे. घोळक्यात राहिलास तर पाय फारसे दमत नाहीत. खरी शर्यत त्यानंतर. तिथून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर उंची गाठायची असते आणि चढ एकसारखा नाही. शिंग्रोबाच्या देवळाजवळ चांगलाच दम काढतो.

पायथ्याशी 'घाटाचा राजा' किताबासाठी तगडी पोरं एकदम सुटतील. त्यांच्या मागे अजिबात लागू नकोस. तोंडातून दोन-चार शब्द निघतील इतपतच धाप लागू दे. वळणाची आतली कड जास्त उभी असते, त्यामुळे जागा असेल तर थोडं बाहेरून घे, पण मागे बघूनच. कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) ३२ दात्यांपर्यंतची लाव. कुणी हसलं तर हसू दे, हलक्या गिअरवर पाय फिरते राहिले की मांड्या पुण्यापर्यंत टिकतात.

केळं, खजूर जे काही खायचं ते खोपोलीच्या अलीकडेच. चढावर घास गिळवत नाही.

माथ्यावर थांबावंसं फार वाटतं, तेव्हाच जवळच्या दोघा-तिघांना गाठ. पुढे वडगाव-तळेगावच्या उघड्या पट्ट्यात वारा समोरून आला तर एकट्याने तो कापताना जीव जातो. आळीपाळीने पुढे होत राहा.

आणि शर्यतीआधी एखाद्या रविवारी पहाटे खोपोलीहून एकदा चढून ये. कुठल्या वळणाआधी गिअर उतरवायचा, ते तेव्हाच पक्कं कर.