तैवान चीनचा भाग आहे की वेगळा देश?

चीन आमचा प्रांत म्हणतो खरं, पण आत्ताच्या बीजिंग सरकारने तैवानवर एक दिवसही राज्य केलेलं नाहीये. १८९५ ला हे बेट जपानकडे गेलं, १९४५ ला चीनमधल्या तेव्हाच्या चँग कै-शेकच्या सरकारकडे आलं आणि १९४९ ला माओच्या कम्युनिस्टांकडून हरल्यावर तेच सरकार तिकडे जाऊन बसलं, म्हणून तैवानचं अधिकृत नाव अजूनही रिपब्लिक ऑफ चायनाच आहे. १९७१ ला यूएनमधली चीनची सीटपण या सरकारकडून बीजिंगला गेली. पण आर्मी, करन्सी, पासपोर्ट सगळं स्वतःचं, १९९६ पासून राष्ट्राध्यक्ष लोकच निवडतात, त्यामुळे माझ्या मते व्यवहारात तो वेगळा देशच आहे. तिथल्या सर्व्हेत मात्र बहुतेक लोक सध्या आहे तसंच चालू दे म्हणतात, कारण स्वातंत्र्य जाहीर केलं तर युद्धाची भीती आहे.